मॉनिटरवरचं चित्र डावीकडे सरकतं, शिवाय थरथरतं: केबल बदलू, की मॉनिटरच?

गवती चहा
मंडळी, मॉनिटर २२ इंची एलसीडी, १९२०×१०८०, मागे फक्त व्हीजीए (जुनं ॲनालॉग सॉकेट). त्यावर दोन संगणक केव्हीएम स्विचने (एकच पडदा, कीबोर्ड, माउस दोघांत वाटणारी डबी) जोडलेत. 'अ' वर विंडोज १०, 'ब' वर उबुंटू.

तक्रारी दोन. पहिली: 'अ' वरून 'ब' वर गेलं की चित्र डावीकडे सरकतं. डावीकडचा साधारण दोन सेंटिमीटर भाग कापला जातो, वरची कडही जराशी जाते आणि अक्षरं मधूनमधून उभ्या पट्ट्यांमध्ये फिस्कटलेली दिसतात. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबलं की सगळं जागेवर. पण परत 'अ' वर गेलं की त्याचं चित्र बिघडलेलं!

दुसरी: खिडक्यांच्या उभ्या कडा सापासारख्या वळवळतात, अगदी बारीक, एखाद-दुसरा पिक्सेल. दोन्ही संगणकांवर. 'अ' बंद केला तरी वळवळ चालूच.

केबल बदलू का?

शेवभाजी
नवीन मॉनिटर घ्या, एचडीएमआयवाला. विषय संपला.

गवती चहा
@शेवभाजी, तो शेवटचा उपाय. आधी कारण तरी कळू दे.

पंधरा पिना
खिशात हात घालण्याआधी दोन मिनिटांच्या तीन चाचण्या करा. चित्र कुठे हलतंय हे कळल्याशिवाय काय हलतंय याला अर्थ नाही.

चाचणी १. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. शॉटमध्ये चित्र सरकलेलं असेल तर दोष संगणकाच्या आतला: ड्रायव्हर, रिझोल्यूशन, एखादी सेटिंग. शॉट व्यवस्थित असेल तर दोष कार्डातून बाहेर पडणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा त्याच्या पुढे.

चाचणी २. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, तोच ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा. मेनू मॉनिटरच्या आत तयार होतो, केबलमधून येत नाही. मागचं चित्र हलतंय आणि मेनू ढिम्म असेल तर पॅनेल निर्दोष, बहुधा येणारा सिग्नल खराब. मेनूही सोबत हलत असेल तर पॅनेल, टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्र पुरवणारं सर्किट) किंवा मॉनिटरचा पॉवर सप्लाय.

चाचणी ३. केबल काढा. 'नो सिग्नल'ची पाटी थरथरते का पाहा. काही मॉनिटरवर ती पाटी मुद्दाम इकडून तिकडे फिरते, त्याला बिघाड समजू नका.

तिन्हीचे निकाल इथे टाका, मग बोलू.

रिकामटेकडी
चाचणी १ ला एक अपवाद. विंडोजचं भिंग, म्हणजे मॅग्निफायर, पूर्ण पडद्यावर चालू असेल तर माउस कडेला नेला की अख्खं चित्र सरकतं, पण स्क्रीनशॉट साधाच येतो. लोक इथे हमखास फसतात. विंडोज + एस्केप दाबलं की भिंग बंद. ते चालू होतं विंडोज + अधिक चिन्हाने, आणि ती जोडी चुकून दाबली जाते. लहान मुलं असलेल्या घरात तर रोज.

मॅकवर कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की असंच झूम होतं. ती सोय आधी ॲक्सेसिबिलिटीत चालू केलेली असावी लागते.

ताकभात
माउस नेला की चित्र सरकण्याचं अजून एक कारण: पॅनिंग. डेस्कटॉपचं रिझोल्यूशन पॅनेलपेक्षा मोठं ठेवलं की पडदा खिडकीसारखा त्या मोठ्या डेस्कटॉपवरून फिरतो. विंडोज एक्सपीच्या काळात हे फार व्हायचं. लिनक्सवर एक्सरँडरमध्ये (पडद्याच्या सेटिंगची कमांड) पॅनिंग राहून गेलं असेल तर आजही होतं.

अर्धवट ज्ञानी
डिजिटल केबलमध्ये चित्र सरकतच नाही. शून्य नि एक, आलं तर आलं. त्यामुळे शेवभाजींना +१.

पंधरा पिना
@अर्धवट ज्ञानी, निम्मं बरोबर. एचडीएमआय केबल खराब असली की चमचमणारे ठिपके दिसतात किंवा पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो. चित्र दोन मिलिमीटर डावीकडे गेलं, असं केबलमुळे होत नाही. पण केबल डिजिटल असली तरी चित्र हलण्याची इतर कारणं आहेतच:

ओलेड मॉनिटर. हे पिक्सेल घासून डाग पडू नयेत म्हणून ठरावीक वेळाने अख्खं चित्र काही पिक्सेल सरकवतात. मेनूत 'पिक्सेल शिफ्ट', 'स्क्रीन मूव्ह' अशा नावाने असतं. टास्कबारची खालची रेघ कधी दिसते, कधी कडेखाली जाते, ते यामुळे. हा बिघाड नाही. बंद करता येत असलं तरी करू नये.

टीव्हीला मॉनिटर बनवलं की ओव्हरस्कॅन. टीव्ही चित्र थोडं फुगवतो आणि चारही कडा कापतो. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' शोधा. ते आधी करा, ग्राफिक्स ड्रायव्हरमधली स्केलिंगची पट्टी नंतर. उलट केलं तर चित्र दोनदा ताणलं जातं आणि अक्षरं कायमची मऊ दिसतात.

२०१३ च्या आसपासचे काही ४के मॉनिटर. आत १९२०×२१६० चे दोन तुकडे जोडून चित्र बनायचं. झोपेतून उठताना कधीकधी डावा अर्धा उजवीकडे जायचा. वीज काढून पुन्हा लावणे, हा इलाज.

शेवभाजी
म्हणजे नवीन मॉनिटर घेतला की नवीन आजार. बरं झालं सांगितलंत.

निंबोणी
थोडं अवांतर, पण विचारते. मी न्यू जर्सीत. जुन्या प्रोजेक्टरवर (व्हीजीए) एक फिकट आडवी पट्टी खालून वर अगदी संथ सरकते, वर पोचायला पंधरा-एक सेकंद. भारतात असं संथ कधी दिसलं नव्हतं. का?

वायरमन काका
निंबोणीताई, अवांतर कसलं! धाग्याचा निम्मा विषय हाच आहे.

तुमच्याकडे वीज ६० हर्ट्झची. पडदा पुष्कळदा ५९.९४ हर्ट्झवर चालतो. फरक ०.०६, म्हणजे सुमारे १७ सेकंदांत एक फेरी. ती पट्टी म्हणजे तुमच्या घरातली वीज, सिग्नलमध्ये शिरलेली. भारतात वीज ५० हर्ट्झ, पडदा ६०. फरक १०. म्हणून इथे तोच दोष संथ पट्टी होत नाही, सेकंदाला दहा वेळा थरथर होतो. डोळ्याला 'चित्र हलतंय' एवढंच कळतं.

जुन्या काचेच्या सीआरटीवर हीच थरथर चुंबकीय मार्गानेही यायची: बाजूला स्टॅबिलायझर, यूपीएस, स्पीकर, नाहीतर भिंतीपलीकडे मीटरबोर्ड. तो एक मीटर लांब केला की थांबायची. एलसीडीला चुंबकाने काही होत नाही. तिथे वीज शिरते केबलच्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून, म्हणजे अर्थिंगच्या घोळातून.

@गवती चहा, तुमच्यासाठी एक चाचणी. 'अ' वर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करता येतो का पाहा. मॉनिटरने तो घेतला आणि वळवळ थांबून कडा नुसत्या वाकड्या, स्थिर दिसल्या किंवा लाट अगदी हळू सरकू लागली, तर दोष शंभर टक्के विजेच्या वायरिंगचा. ५० वरही तशीच थरथर राहिली तर वीज निर्दोष, मग मी गप्प.

रिकामटेकडी
काका, ही ५० हर्ट्झची युक्ती झकास. वाखु (वाचनखूण) साठवली.

कथलाची कांडी
मेनूही हलत असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, धागा शोधत उद्या कोणीतरी येईलच.

मेनूसकट चित्र उड्या मारतं: पॅनेलला जाणारी एलव्हीडीएस पट्टी किंवा टी-कॉनची चपटी रिबन सैल. रिबन काढून, संपर्कावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून, वाळवून परत बसवायची. लॉक नीट बसलं की नाही ते नखाने तपासा, नव्वद टक्के काम तिथेच होतं. खोडरबर घासू नका, वरचा मुलामा जातो.

मेनूसकट चित्र लुकलुकतं किंवा श्वास घेतल्यासारखं होतं, आणि अर्ध्या तासाने गरम झालं की बरं होतं: पॉवर सप्लायचे कपॅसिटर. डोकं फुगलेला दिसला तर बदला, न फुगलेलाही संशयित धरा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). ८५ अंशांचे स्वस्त घातले तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

आणि इशारा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. मीटरने मोजल्याशिवाय बोट नाही. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने मागचं झाकणच उघडू नये.

पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या ड्रायव्हर चिपची पट्टी सुटली असेल (एकाच पट्ट्यातलं चित्र हलतं, कड दाबली की थांबतं) तर घरगुती इलाज नाही.

ताकभात
मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की माझ्या पडद्यावर काळे पट्टे पळतात, त्याचं काय?

कथलाची कांडी
डोळ्यांना दिसत नाहीत ना? मग काही नाही. बॅकलाइट वेगाने चालू-बंद होत ब्राइटनेस कमी करतो, कॅमेरा ते पकडतो. ब्राइटनेस १०० टक्के करा, बहुतेक मॉनिटरवर पट्टे जातात. फोनच्या व्हिडिओवरून मॉनिटर 'खराब' ठरवणाऱ्या दुकानदारापासून सावध.

गवती चहा
निकाल आले.
१. स्क्रीनशॉट दोन्हींवर व्यवस्थित. भिंग बंद आहे.
२. मेनू ढिम्म. मागचं चित्र वळवळतं.
३. 'नो सिग्नल' पाटी स्थिर.
४. काका, मॉनिटरने ५० हर्ट्झ घेतलं! वळवळ थांबली, पण उभ्या कडा किंचित नागमोडी राहिल्या आणि ती नागमोड अगदी हळू वर चढते.

शेवभाजी
म्हणजे मॉनिटर वाचला. पार्टी.

वायरमन काका
मग वीजच. आता सांगा, कोण कुठल्या बोर्डावर आहे? आणि 'ब' च्या लोखंडी कॅबिनेटवर उलट्या बोटांनी हलकेच स्पर्श केला तर झिणझिण्या येतात का?

गवती चहा
'अ' भिंतीतल्या साध्या सॉकेटवर, स्पाइक गार्डमधून. 'ब' आणि मॉनिटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर. आणि हो, येतात झिणझिण्या! ते नॉर्मल असतं असं समजत होतो.

वायरमन काका
नाही हो, नॉर्मल नाही.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळायला. अर्थिंग असेल तर त्यांचा गळतीचा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट अधांतरी लटकतं, साधारण निम्म्या व्होल्टवर, म्हणजे ११५ च्या आसपास. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या.

इन्व्हर्टरची लाइन मागाहून ओढताना पुष्कळदा फक्त फेज, फार तर न्यूट्रल फिरवतात. सॉकेट तीन भोकांचं दिसतं, पण वरच्या जाड भोकामागे वायरच नसते. 'ब' ला अर्थ नाही, 'अ' ला आहे. मग 'ब' चा गळतीचा प्रवाह वाट शोधतो: व्हीजीएची जाळी, केव्हीएम, 'अ' चं कॅबिनेट, जमीन. त्याच जाळीवर तुमच्या चित्राचा सिंक सिग्नल (ओळ कधी सुरू करायची ते सांगणारा ठोका) उभा आहे. पायाखालची फळीच ५० हर्ट्झने हलते, म्हणून प्रत्येक ओळ किंचित पुढे-मागे सुरू होते आणि कडा सापासारखी दिसते. 'अ' बंद केला तरी प्लग लावलेला असतो, अर्थ जोडलेलाच असतो, म्हणून वळवळ चालूच.

खात्री अशी करा. सगळं बंद करून 'अ' चा प्लग भिंतीतून उपसा. मग फक्त 'ब' आणि मॉनिटर चालू करा. वळवळ थांबली पाहिजे.

अर्धवट ज्ञानी
मग 'अ' चीच अर्थची पिन काढून टाकली तर? दोघंही अधांतरी, वाटच बंद. यूट्यूबवर एक जण तेच सांगतो.

वायरमन काका
मुळीच नाही. चित्र स्थिर होईल आणि दोन्ही कॅबिनेट जिवंत होतील. आत एखादी फेज सुटली तर फ्यूज उडायच्या ऐवजी माणूस उडेल. अर्थ वाढवायचा, तोडायचा नाही.

लगेचचा उपाय: 'अ', 'ब', मॉनिटर तिन्ही एकाच अर्थ असलेल्या सॉकेटवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. पक्का उपाय: इन्व्हर्टरच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर फिरवून घ्या. इलेक्ट्रिशियनला मीटरवर मोजून दाखवायला सांगा: फेज ते अर्थ साधारण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा दिसले तर घराचंच अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिलं आहे.

तोवर संगणक चालू असताना व्हीजीए किंवा एचडीएमआय काढ-घाल करू नका. दोन कॅबिनेटमधल्या त्या फरकाची ठिणगी पोर्टमध्ये पडते आणि ग्राफिक्स कार्डाचं सॉकेट मरतं.

ताकभात
सेट-टॉप बॉक्स त्याच मॉनिटरला किंवा स्पीकरला जोडला असेल तर केबलवाल्याच्या कोॲक्स वायरमधूनही हेच होतं. तिची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली असते. वायर काढून पाहायची. थरथर थांबली तर कोॲक्सचा आयसोलेटर (जाळीची वाट तोडणारा जोड) लावायचा.

निंबोणी
माझ्या प्रोजेक्टरला केबल टीव्हीचा डबा जोडलेला आहे. 🙂 आज काढून बघते.

पंधरा पिना
थरथर काकांनी मिटवली. पण पहिल्या तक्रारीला, सरकण्याला, अजून कोणी हात लावला नाही. तिचा विजेशी संबंध नाही.

@गवती चहा, 'ब' वर रिझोल्यूशन आपोआप आलं, की एक्सरँडरने हाताने मोडलाइन (सिग्नलच्या मोजमापांच्या आकड्यांची ओळ) घातलीत?

गवती चहा
हाताने. केव्हीएम जोडल्यावर उबुंटू १०२४×७६८ च्या वर जाईना. एका ब्लॉगवर बघून 'सीव्हीटी -आर' या कमांडने मोडलाइन बनवली. १३८.५० ने सुरू होते.

पंधरा पिना
सापडला!

१९२०×१०८० नावाचे सिग्नल एक नाहीत. टीव्हीच्या मानकाचा १०८०पी: पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ, एका ओळीत दिसणारे-न दिसणारे मिळून २२०० पिक्सेल, एकूण ११२५ ओळी. तुमचा '-आर' वाला, म्हणजे काटछाट केलेला: १३८.५ मेगाहर्ट्झ, २०८० पिक्सेल, ११११ ओळी.

व्हीजीएमधून पिक्सेलची गणती येत नाही. येतो फक्त आडव्या-उभ्या सिंकचा ठोका. मॉनिटर ठोक्यांचा वेग बघून अंदाज बांधतो. पहिल्याचा आडवा ठोका ६७.५ किलोहर्ट्झ, दुसऱ्याचा ६६.६. इतके जवळ, की पुष्कळ मॉनिटर दोन्हींना एकच समजतात आणि दोन्हींसाठी एकच जागा लक्षात ठेवतात.

आता हिशोब. पहिल्यात सिंकपासून १९२ पिक्सेलांनी चित्र सुरू होतं, दुसऱ्यात ११२ पिक्सेलांनी. मॉनिटर १९२ ची वाट बघत बसतो, तोवर तुमच्या 'ब' चे पहिले सत्तरेक पिक्सेल निघून गेलेले असतात (८० नाही, कारण क्लॉकही वेगळा आहे). २२ इंची पडद्यावर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा, म्हणजे पावणेदोन-दोन सेंटिमीटर. उभ्यात ४१ ऐवजी २८, म्हणून वरच्या १३ ओळी गायब, तीनेक मिलिमीटर. तुम्ही पहिल्या प्रतिसादात मोजून दिलेलं तंतोतंत हेच. आणि २०८० च्या ओळीला २२०० तुकड्यांत कापलं की काही ठिकाणी कापणी दोन पिक्सेलांच्या मधोमध पडते. त्याच त्या फिस्कटलेल्या उभ्या पट्ट्या.

'ब' वरची जुनी मोडलाइन काढा, ही घाला:
१४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५, दोन्ही सिंक पॉझिटिव्ह.

मग पांढऱ्या पार्श्वभूमीचं काहीतरी पूर्ण पडद्यावर उघडून एकदाच 'ऑटो' दाबा. काळ्या लॉगिन पडद्यावर दाबू नका. मॉनिटर चित्राची कड उजेडावरून शोधतो, काळ्यात त्याला कड मिळत नाही आणि तो भलतीकडेच नेऊन ठेवतो. त्यानंतरही अक्षरं किंचित धूसर वाटली तर मेनूत 'फेज' एकेक घर हलवा. 'क्लॉक'ला हात लावू नका.

रिकामटेकडी
पण उबुंटू १०२४ वर अडकलं का, ते राहिलंच की.

पंधरा पिना
मॉनिटर स्वतःची माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून सांगतो. स्वस्त केव्हीएममध्ये आणि काही केबलमध्ये त्या पिना जोडलेल्याच नसतात. संगणकाला मॉनिटर कोण ते कळत नाही, मग तो भीत भीत छोटं रिझोल्यूशन देतो. सगळ्या पिना जोडलेली केबल घेऊन पाहा, पण दोष स्विचमध्येच असेल तर उपयोग नाही. मोडलाइन बरोबर असली की त्या माहितीवाचूनही भागतं.

निंबोणी
केबलचा डबा काढला. पट्टी गायब! आयसोलेटर मागवते आहे. काका, धन्यवाद.

गवती चहा
दोन दिवसांनी लिहितोय. नवी मोडलाइन घातली, पांढऱ्या पानावर ऑटो दाबलं. आता कितीही वेळा 'अ'-'ब' करा, चित्र जागचं हलत नाही. तिन्ही प्लग एका बोर्डावर आणल्यावर वळवळही गेली.

इलेक्ट्रिशियन आज येऊन गेला. इन्व्हर्टरच्या सॉकेटमागे हिरवी वायर होती, पण बोर्डाच्या आतच गुंडाळून टेप लावून ठेवलेली. दुसरं टोक मेन बोर्डापर्यंत गेलेलंच नाही. उद्या ओढून देतो म्हणालाय.

वायरमन काका
ओढून झाल्यावर न्यूट्रल-अर्थ मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि त्याच बोर्डावर फ्रिज असेल तर त्याच्या दारालाही उलटी बोटं लावून बघा.

गवती चहा
आहे. आत्ताच लावली. तिथेही झिणझिण्या.

शेवभाजी
फ्रिज नवीन घ्या.